टपाल शेवटचे कोणाच्या हातात होते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शहरातल्या एका जुन्या सोसायटीत राहणाऱ्या गृहस्थांना बँकेने पाठवलेले डेबिट कार्ड तीन महिने झाले तरी मिळालेले नाही. विमा कंपनीची दोन पत्रे आली नाहीत आणि एका स्पीड पोस्टच्या नोंदीवर ‘वितरित’ असे दिसत असूनही पाकीट घरात पोहोचलेले नाही. इमारतीतल्या आणखी दोन-तीन कुटुंबांची हीच तक्रार आहे. पोस्टात विचारले तर ‘आमच्याकडून गेले’ आणि बँकेत विचारले तर ‘आमच्याकडून निघाले’ असे सांगतात. टपाल हरवते आहे, कोणी उचलते आहे की त्याचा बटवडाच होत नाही, हे कसे ओळखावे आणि पुढे काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

मी टपाल खात्यात बटवड्याच्या कामावर बावीस वर्षे होतो आणि त्यातली शेवटची काही वर्षे पोस्टमनच्या बिटांची, म्हणजे प्रत्येकाला बटवड्यासाठी नेमून दिलेल्या भागांची, तपासणी करण्यात गेली. त्या अनुभवावरून प्रथम एवढेच सांगतो की ‘माझे पत्र कुठे आहे?’ या प्रश्नाला पोस्टाच्या काउंटरवर उत्तर मिळत नाही, कारण तो कोणाला उद्देशून आहे हेच ठरलेले नसते. ‘हे पाकीट नोंदीप्रमाणे शेवटचे कोणाच्या हातात होते?’ असे विचारले, तर मात्र कोणीतरी रजिस्टर उघडतो किंवा संगणकावर पाहतो, आणि उत्तर द्यायची जबाबदारी एका माणसावर येते. पुढचे सगळे विवेचन हा शेवटचा हात शोधण्याबद्दल आहे.

त्यासाठी आधी न मिळालेल्या प्रत्येक टपालाचा प्रकार पाठवणाऱ्याकडून विचारून घ्यावा. साध्या टपालाची वाटेत कुठेही वैयक्तिक नोंद होत नाही. ते पेटीत पडते, गठ्ठ्यात बांधले जाते, बिटाप्रमाणे लावले जाते आणि लेटरबॉक्समध्ये टाकले जाते. या प्रवासात त्या एका पाकिटाचे नाव कोणत्याही कागदावर येत नाही, म्हणून साध्या पत्राचा शोध घेऊन देतो असे कोणी पोस्टात सांगितले तर तो सौजन्याचा भाग समजावा. नोंदीच्या टपालाची, म्हणजे स्पीड पोस्टसारख्या क्रमांक दिलेल्या टपालाची, गोष्ट वेगळी आहे, कारण ते प्रत्येक टप्प्यावर एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर जाते. तेव्हा विमा कंपनीने पत्रे साध्या टपालाने धाडली असतील, तर त्यांचा तपास आणि स्पीड पोस्टचा तपास एकाच अर्जात मिसळू नये. मिसळला की उत्तर सोप्या भागाचे येते आणि अवघड भाग तसाच राहतो.

इथे एक बदल ध्यानात घ्यावा लागेल. १ सप्टेंबर २०२५ पासून देशांतर्गत रजिस्टर्ड पोस्ट ही स्वतंत्र सेवा राहिलेली नसून ती स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. जुन्या रजिस्टर टपालाचा बटवडा ज्याच्या नावाने ते आले त्यालाच, किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या माणसाला होत असे. स्पीड पोस्ट मात्र पत्त्यावर दिले जाते, म्हणजे त्या पत्त्यावर हजर असलेल्या व्यक्तीने ते घेतले तरी चालते. आपल्या प्रश्नातले ‘वितरित’ म्हणून दिसणारे पाकीट बहुधा याच फटीत अडकले असावे, असा माझा कयास आहे. पाठवणाऱ्याने बुकिंग करताना जादा शुल्क भरून ‘नोंदणी’ ही सोय घेतली असेल, तर मात्र आजही पाकीट नावाच्या माणसालाच द्यावे लागते. ऑक्टोबर २०२५ पासून ओटीपी सांगितल्यावरच बटवडा करण्याची सोयही अशीच वेगळी घेता येते. या दोन्ही सोयींचे शुल्क प्रत्येकी पाच रुपये आणि वर कर एवढेच आहे. दर खेपेला पाकीट दुसऱ्याच्या हाती पडत असेल, तर पाठवणाऱ्याला एवढा खर्च करण्याची विनंती करणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

आता नोंदीच्या क्रमांकाबद्दल, कारण निम्म्या तक्रारी इथेच फसतात. हा क्रमांक तेरा चिन्हांचा असतो. सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरे, मग नऊ अंक आणि शेवटी भारताची खूण म्हणून ‘आयएन’. जगभरच्या टपाल खात्यांनी मान्य केलेल्या या रचनेत नववा अंक हा पडताळ्याचा अंक असतो. पहिल्या आठ अंकांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९ आणि ७ ने गुणायचे, गुणाकारांची बेरीज करायची, तिला ११ ने भागायचे आणि उरलेली बाकी ११ मधून वजा करायची, म्हणजे नववा अंक मिळतो. (उत्तर १० आले तर तो ० धरतात आणि ११ आले तर ५.) उदाहरणादाखल १२३४५६७८ हे आठ अंक घ्या. गुणाकार येतात ८, १२, १२, ८, १५, ३०, ६३ आणि ५६. त्यांची बेरीज २०४, ती ११ ने भागल्यावर बाकी ६ आणि ११ मधून ६ गेले की ५. म्हणजे पूर्ण क्रमांकात नववा अंक ५ असायला हवा. बँकेच्या माणसाने फोनवर घाईत सांगितलेल्या क्रमांकाला हा हिशेब लागू पडला नाही, तर क्रमांक उतरवण्यातच चूक आहे. ‘नोंद सापडत नाही’ या उत्तरावर पोस्टाशी भांडण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन दोन मिनिटे घालवावीत. मी स्वतः अशा कितीतरी तक्रारी एका अंकाच्या अदलाबदलीवर मिटवल्या आहेत.

क्रमांक बरोबर असेल तर संकेतस्थळावर नोंदींची साखळी दिसते. कुठे बुक झाले, कुठल्या थैलीत भरले, ती थैली कुठे रवाना झाली, कुठे उघडली, वितरण कार्यालयात कधी आले आणि पोस्टमनकडे बटवड्यासाठी कधी दिले, हे सगळे वेळेसह कळते. ही साखळी शेवटाकडून सुरुवातीकडे वाचावी. थैली रवाना झाल्याची नोंद आहे पण पुढच्या ठिकाणी मिळाल्याची नाही, तर पाकीट दोन छाननी केंद्रांच्या मध्ये अडकले आहे, आणि आपल्या भागातल्या पोस्टमनला त्याबद्दल विचारणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. वितरण कार्यालयात पोहोचल्याची नोंद आहे पण पोस्टमनकडे दिल्याची नाही, तर ते पाकीट चुकीच्या बिटात गेले किंवा कार्यालयातच पडून आहे. पोस्टमनकडे दिल्याची नोंद असून पुढे काहीच नसेल, तर त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी विचारावे. अनेक शहरांत पार्सलांचा बटवडा स्वतंत्र केंद्रांतून होत असल्यामुळे पार्सल आपल्या नेहमीच्या पोस्टात असेलच असे नाही. शेवटच्या नोंदीत कार्यालयाचे जे नाव असेल तिथेच जावे.

सर्वांत वादाची नोंद म्हणजे ‘वितरित’. हल्ली पोस्टमन मोबाइलवर सही घेतो आणि ती नोंद त्याच क्षणी चढते. ‘मला मिळाले नाही’ असे सांगायला जाताना दुपारी जाऊ नये, कारण तेव्हा पोस्टमन बिटावर असतो आणि काउंटरवरचा कर्मचारी पडद्यावर दिसते तेवढेच वाचून दाखवतो. सकाळी बटवडा निघण्यापूर्वी, टपाल लावण्याचे काम चालू असताना जावे. त्या वेळी आपल्या बिटाचा पोस्टमन टेबलाशी सापडतो आणि त्याला घटना आठवत असते. पोस्टमास्तरांना नम्रपणे सांगावे की अमुक क्रमांकाचे पाकीट अमुक तारखेला ‘वितरित’ दिसते, तेव्हा ते कोणी घेतले आणि सही कोणाची आहे हे पाहायचे आहे. चोरीचा शब्द या भेटीत काढू नये. तो एकदा निघाला की समोरचा माणूस स्वतःला वाचवण्याच्या मागे लागतो आणि माहिती मिळणे थांबते.

एक प्रसंग सांगतो. एका गृहनिर्माण सोसायटीतून लागोपाठ चार तक्रारी आल्या आणि चारही पाकिटांपुढे एकच वेडीवाकडी सही होती. सही रखवालदाराची निघाली, आणि त्यात त्याने काही वावगे केले नव्हते. सोसायटीच्या समितीनेच एका सभेत ‘दुपारी घरे बंद असतात, टपाल वॉचमनने घ्यावे’ असे ठरवले होते, पण ते कुठे ठेवायचे आणि कोणाला कळवायचे हे ठरवले नव्हते. मी केबिनमध्ये गेलो तेव्हा टेबलाच्या खणात दुधाची बिले, पाणीपट्टीचे कागद आणि एका रबरबँडमध्ये बांधलेली अकरा पाकिटे होती. त्यातली दोन सात महिन्यांपूर्वीची होती. दरम्यान दोन रखवालदार बदलून गेले होते आणि प्रत्येकाला तो गठ्ठा आधीच्या माणसाचा वाटत होता. शहरी वस्तीत हरवलेल्या टपालाचा शोध मी नेहमी इमारतीच्या फाटकापासून जिन्यापर्यंतच्या अंतरात सुरू करीत असे, तो अशा अनुभवांमुळेच. आपणही पोस्टात जाण्यापूर्वी वॉचमनची केबिन, मीटरच्या खोलीतला कोनाडा, लिफ्टशेजारचा कट्टा आणि शेजारच्या विंगेतला त्याच क्रमांकाचा फ्लॅट ही चार ठिकाणे पाहून घ्यावीत. टपाल घेण्याचे काम रखवालदाराकडे असेल तर त्याला एक वही द्यावी, तीत तारीख, फ्लॅट, क्रमांक आणि घरच्यांची सही एवढे रकाने असावेत. असली वही ठेवायला सोसायटीच्या सचिवांची नाखुशी असते, पण ती नसेल तर शेवटचा हात केबिनपाशी येऊन हरवतो.

पोस्टमनच्या शेऱ्यांकडे लोक फार दुर्लक्ष करतात. घर बंद असले तर तो सूचनापत्र ठेवतो आणि पाकीट कार्यालयात ‘डिपॉझिट’मध्ये राहते. साधारण सात दिवसांत ते कोणी नेले नाही, तर पाठवणाऱ्याकडे परत जाते. ओळखपत्र घेऊन गेल्यास ते खिडकीवर मिळते, आणि स्वतः जाणे शक्य नसेल तर अधिकारपत्र देऊन दुसऱ्याला पाठवता येते. बँकेला आपले कार्ड परत गेले आहे का, हे विचारले का? नसेल तर आधी ते विचारावे, कारण न मिळालेले कार्ड पुष्कळदा ‘घर बंद’ किंवा ‘पत्ता अपुरा’ असा शेरा घेऊन बँकेच्या कार्ड विभागात पडलेले असते आणि आपल्या शाखेला त्याचा पत्ताही नसतो. पासपोर्टचेही तसेच आहे. तो अर्जदारालाच दिला जातो आणि बटवडा न झाल्यास पासपोर्ट कार्यालयाकडे परत जातो, पोस्टात महिनोन्‌महिने ठेवला जात नाही.

शेऱ्याचा कायदेशीर परिणाम याहून गंभीर असतो. सर्वसाधारण खंड अधिनियम (जनरल क्लॉजेस ॲक्ट), १८९७ च्या कलम २७ प्रमाणे योग्य पत्त्यावर, टपाल शुल्क भरून रजिस्टर टपालाने पाठवलेली नोटीस, उलट सिद्ध होईपर्यंत, नेहमीच्या टपालकाळात पोहोचली असे गृहीत धरले जाते. ‘घेण्यास नकार’ आणि ‘सूचना देऊनही नेले नाही’ हे शेरे न्यायालयात नोटीस घेणाऱ्याच्या विरुद्ध जातात. न वटलेल्या धनादेशाच्या प्रकरणात नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम देण्याची संधी असते. पाकीट न उचलल्याने ती संधी वाचते असा एक गोड गैरसमज आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सी. सी. अलवी हाजी प्रकरणात हे गृहीतक धनादेशाच्या नोटिशीलाही लागू केले. नोटीस खरोखरच मिळाली नाही असे म्हणणाऱ्यासाठी समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम भरण्याचा मार्ग तेवढा मोकळा ठेवला. म्हणून आपण घरी असताना पाकिटावर ‘घर बंद’ असा शेरा पडला असेल तर तो किरकोळ मानू नये आणि त्याच आठवड्यात पोस्टमास्तरांकडे लेखी हरकत नोंदवून पोच घ्यावी. सहा महिन्यांनी वकिलामार्फत घेतलेल्या हरकतीपेक्षा त्या एका कागदाचे वजन जास्त असते.

आता साध्या टपालाकडे वळतो. त्याची नोंद नसते हे खरे, पण गायब होण्याला एक ठसा असतो आणि तो वस्तीतल्या लोकांनी एकत्र बसून काढला तरच दिसतो. कोणत्या फ्लॅटची, कोणत्या महिन्यातली, कोणाकडून येणारी पत्रे आली नाहीत, हे एका कागदावर मांडावे. एकाच घराची पत्रे जात असतील तर बहुधा पत्त्यात किंवा लेटरबॉक्समध्ये दोष आहे. एका जिन्यावरच्या सगळ्यांची जात असतील तर पेट्या जिथे आहेत ती जागा पाहावी. संपूर्ण गल्लीची ठरावीक दिवसांत जात असतील, तर नेहमीचा पोस्टमन रजेवर असताना बदली माणूस त्या बिटावर येत असण्याचा संभव मोठा. नव्या माणसाला ‘दत्त मंदिरामागे’ यासारखा पत्ता उमगत नाही, आणि उन्हातान्हात शोधत फिरण्यापेक्षा तो ‘पत्ता अपुरा’ लिहून मोकळा होतो. फक्त जाडसर, कडक पाकिटे जात असतील आणि वीजबिले मात्र सुरळीत येत असतील, तर कोणीतरी आतल्या वस्तूसाठी उचलत असल्याचा संशय घ्यायला जागा आहे. कार्ड कोणत्या पाकिटात आहे हे बोटांना लगेच कळते.

संशयाची खात्री करण्याची आमची एक साधी रीत होती. स्वतःच्या पत्त्यावर सहा साधी पत्रे वेगवेगळ्या वारी, शहरातल्या वेगवेगळ्या पेट्यांतून टाकावीत. आत तारीख आणि पेटीचे ठिकाण लिहिलेला कोरा कागद असावा, आणि दोन पाकिटांत जाडसर पुठ्ठा घालावा. पंधरा दिवसांत काय आले, काय नाही आणि किती दिवसांनी आले याची नोंद ठेवावी. सहाही आली तर दोष पाठवणाऱ्याकडच्या पत्त्यात शोधावा. पुठ्ठ्याची दोनच आली नाहीत तर प्रकरण वेगळे आहे, आणि अशी टिपणे जोडलेला अर्ज अधीक्षकांच्या टेबलावर आला की तो बाजूला सारता येत नाही. तपासनीसालाही अशीच चाचणी करावी लागते. त्याचे निम्मे काम आपण करून दिलेले असते.

पत्त्याबद्दल दोन शब्द. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, आणि त्यामागचे डोके श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाचे, संस्कृत पंडिताचे होते. सहा अंकांतले शेवटचे तीन नेमके वितरण कार्यालय सांगतात. वस्ती वाढली की भाग एका कार्यालयाकडून दुसऱ्याकडे जातो, पण बँकेच्या संगणकात जुनाच पिनकोड राहतो. मग पाकीट आधी जुन्या कार्यालयात जाते, तिथल्या पोस्टमनला पत्ता ओळखू येत नाही, आणि एकतर ते उशिरा वळवले जाते किंवा परत जाते. पुनर्विकासात इमारतीचे नाव बदलले असेल, किंवा एकाच पिनकोडात एका नावाच्या चार सोसायट्या असतील, तर रस्त्याचे नाव आणि भूखंडाचा क्रमांक पत्त्यात आल्याशिवाय गत्यंतर नाही. फ्लॅटच्या लेटरबॉक्सवर घरात राहणाऱ्या सर्वांची नावे असावीत, भाडेकरूंची आणि वेगळ्या आडनावाच्या सुनेचीही. नाव दिसले नाही म्हणून परत गेलेली पत्रे मी हजारांनी पाहिली आहेत.

ज्या पाकिटावर पाठवणाऱ्याचाही पत्ता नसतो ते शेवटी परत पत्र कार्यालयात जाते. तिथे अधिकृत कर्मचारी ते उघडून आत पत्ता सापडतो का पाहतात. आपण पाठवतो त्या प्रत्येक पाकिटामागे आपला पत्ता, आणि आतल्या कागदावरही तो पुन्हा लिहिण्याचे कारण हेच.

कार्ड किंवा धनादेश पुस्तिका वाटेत गेली असा वहीम असेल तर वरचा तपास पूर्ण होण्याची वाट पाहू नये. कार्ड त्याच दिवशी बंद करावे आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा. पुस्तिकेच्या पहिल्या ते शेवटच्या क्रमांकापर्यंतच्या सर्व धनादेशांना लेखी स्थगिती द्यावी. नव्या कार्डावर ऑनलाइन व्यवहार मुळात बंद ठेवलेले असतात. तरीही खात्यातून पैसे गेल्याचा संदेश आला, तर रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसलेल्या व्यवहारात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर काहीही भुर्दंड पडत नाही. उशीर झाला की ही ढाल पातळ होत जाते. आधार कार्ड आले नाही म्हणून मात्र कोणी घाबरू नये. ई-आधार तितकेच ग्राह्य आहे.

चोरीची खात्री पटेल असे काही हाती असेल, म्हणजे फोडलेली लेटरबॉक्स, फाडून टाकलेली पाकिटे किंवा सीसीटीव्हीतले दृश्य, तर पोलीस ठाण्यात जावे. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते, म्हणून समितीला त्याच दिवशी लेखी कळवून हवे ते तास वेगळे जतन करायला सांगावेत. ठाण्यात ‘कागदपत्र गहाळ’ एवढीच नोंद करून घेण्याकडे कल असतो. दुसरे कार्ड काढायला ती पुरते, पण तपास त्यावर होत नाही. तपास हवा असेल तर चोरीचा गुन्हा म्हणून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली प्रथम खबर नोंदवण्याचा आग्रह धरावा. १८९८ च्या जुन्या टपाल कायद्यात टपाल चोरणाऱ्या कर्मचाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षेचे वेगळे कलम होते. १८ जून २०२४ पासून लागू झालेल्या टपाल कार्यालय अधिनियम, २०२३ मध्ये ते नाही. मात्र त्यामुळे कर्मचारी सुटत नाही. लोकसेवकाने सोपवलेल्या मालाचा अपहार करणे हा न्याय संहितेच्या कलम ३१६ प्रमाणे जन्मठेपेपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे.

खात्याकडे करायची तक्रार एका पानाची असावी. क्रमांक, बुकिंगची तारीख आणि ठिकाण, शेवटची नोंद जशीच्या तशी, आपण कोणाला कधी भेटलो आणि नेमके काय हवे आहे, एवढे त्यात यावे. मनस्ताप झाल्याचे परिच्छेद कोणी वाचत नाही, हे मी वाचणाऱ्याच्या खुर्चीवरून सांगतो आहे. नोंदीच्या टपालाची तक्रार पाठवणाऱ्याने केली तर ती लवकर हलते, कारण पावती आणि खात्याशी झालेला व्यवहार त्याचा असतो, म्हणून बँकेलाही तक्रार करायला भाग पाडावे. प्रथम पोस्टमास्तर, मग विभागाचे प्रवर अधीक्षक, मग पोस्टमास्टर जनरल असा क्रम आहे. संकेतस्थळावर किंवा १८०० २६६ ६८६८ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. उत्तर गुळमुळीत आले तर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार निवारण पोर्टलवर तोच क्रमांक देऊन पुढे जावे. तरीही सही दाखवली जात नसेल, तर दहा रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकारात अर्ज करावा आणि ‘अमुक क्रमांकाच्या पाकिटाच्या बटवड्याच्या नोंदीची प्रत’ एवढेच मागावे. ‘का दिले नाही?’ असा प्रश्न तिथे विचारू नये, कारण त्या कायद्याखाली अभिलेख मागता येतात, खुलासे मागता येत नाहीत. प्रत तीस दिवसांत मिळायला हवी. परदेशी टपालाची चौकशी पाठवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आतच करता येते.

भरपाईची फार आशा धरू नये. स्पीड पोस्ट हरवल्यास शुल्काच्या दुप्पट किंवा १,००० रुपये यांतली कमी असेल ती रक्कम मिळते, म्हणजे ४७ रुपयांच्या पाकिटाला शंभरीच्या आसपास. कर्मचाऱ्याने कपटाने किंवा जाणूनबुजून नुकसान केल्याचे सिद्ध झाल्याखेरीज त्याला जबाबदार धरता येत नाही, असे संरक्षण जुन्या कायद्यात होते आणि नव्यातही आहे. किमतीची वस्तू पाठवायची तर विमा उतरवावा आणि नोटा पाकिटात कधीच घालू नयेत.

ऑनलाइन मागवलेल्या वस्तूचे उत्तर मात्र कुरिअरकडून मागण्यापेक्षा विक्रेत्या संकेतस्थळाकडून मागावे. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांप्रमाणे तिथल्या तक्रार अधिकाऱ्याने अठ्ठेचाळीस तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण करायचे आहे. नाहीच झाले तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि ज्यांचे टपाल खरोखर हरवले आहे त्यांनीच अधिक सावध राहावे अशी एक गोष्ट म्हणजे ‘पत्ता अपुरा असल्याने आपले पार्सल थांबवले आहे, दुव्यावर पत्ता भरा’ हा संदेश. तो खोटा असतो. माणूस पाकिटाची वाट पाहत असतो म्हणूनच फसतो. तिथे कार्डाचा तपशील भरला गेला असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवावे.

आपल्या प्रकरणात मी असा क्रम धरीन. आजच कार्ड बंद करून बँकेला ते परत आले का हे लेखी विचारावे. उद्या सकाळी टपाल लावण्याच्या वेळी जाऊन स्पीड पोस्टवरची सही पाहावी. रविवारी शेजाऱ्यांना बोलावून न आलेल्या पत्रांचा तक्ता करावा. त्याच बैठकीत प्रत्येकाने आपल्या घरी चुकून आलेली, टीव्हीखाली किंवा चपलांच्या कपाटावर पडून राहिलेली दुसऱ्यांची पाकिटे घेऊन यावे असेही सांगावे. ती फोडू नयेत आणि फेकूही नयेत. ‘या पत्त्यावर राहत नाहीत’ असे लिहून पोस्टमनच्या हातात परत द्यावीत. त्या गठ्ठ्यात आपल्या विम्याचे एखादे पत्र निघाले तर मला आश्चर्य वाटणार नाही.